आप्पांच्या दत्तावरच्या रेघा

हौशीराम ढोबळे यांनी दत्तगुरूंच्या तोंडावर फूटपट्टी ठेवली तेव्हा त्यांचा हेतू शुद्ध होता, हे आधीच सांगितलेलं बरं. दत्तगुरूंना तोंडं तीन, त्यामुळे फूटपट्टी बरीच फिरवावी लागली. उभ्या रेघा झाल्या, आडव्या झाल्या, एक गाईच्या शिंगांतून गेली, एक चारही कुत्र्यांच्या पाठीवरून गेली, आणि सगळी तसबीर गणिताच्या वहीसारखी चौकोनी चौकोनी झाली. रेघा बॉलपेनच्या होत्या. पेन्सिलीची रेघ हौशीरामांना कधी खरी वाटलीच नाही. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात झालेली, आणि तिथं पेन्सिलीची हजेरी कोणी धरत नसे.

निवृत्त माणसाला काहीतरी करावंच लागतं. कोणी भजनी मंडळात टाळ धरतो, कोणी सोसायटीच्या निवडणुकीत पडतो, कोणी बायकोच्या स्वयंपाकात लक्ष घालतो आणि मग बायकोच त्याला भजनी मंडळात धाडते. हौशीरामांनी तैलचित्र शिकायचं ठरवलं. नावाला जागला म्हणून लोक हसले, पण हसणाऱ्यांकडं लक्ष दिलं असतं तर ते टाइम ऑफिसात टिकलेच नसते. मोबाइलवर एक हिंदी मास्तर होते. सगळ्यांना 'दोस्तों' म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं, की शिकायचं असेल तर जुन्या पद्धतीचं एखादं उत्तम देवादिकांचं चित्र घ्यावं आणि चौकोन आखून त्याची हुबेहूब नक्कल करावी. पूर्वीचे भलेभले असेच शिकले.

असं चित्र घरात होतंच. झुंबरबाईंचा, म्हणजे हौशीरामांच्या बायकोचा, दत्त. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, तो गाणगापूरहून आणून लग्नात लेकीला दिला होता. जुनी जाड कागदावरची छपाई. गालावर उजेड, मानेखाली सावली, छातीवर रुद्राक्षाची माळ अशी, की एकेक मणी उचलून घ्यावा. झुंबरबाई दर गुरुवारी त्याला हार घालायच्या आणि हार घालताना त्याच्याशी हळू आवाजात काही बोलायच्या. काय बोलायच्या ते हौशीरामांना उभ्या संसारात कळलं नव्हतं. आपल्याबद्दल असावं, एवढा अंदाज होता. सध्या झुंबरबाई चाकणला लेकीच्या, रुपालीच्या, बाळंतपणाला गेल्या होत्या. घर मोकळं होतं आणि दत्त भिंतीवर होता. हौशीरामांनी तो काचेच्या चौकटीतून बाहेर काढला.

शेवटची रेघ मारून हौशीरामांनी समाधानानं व्हिडिओ पुढं चालू केला. मास्तर म्हणाले, "और हाँ दोस्तों, ये लाइनें ओरिजिनल पर कभी मत खींचना. पहले ज़ेरॉक्स निकालिए."

हौशीरामांनी व्हिडिओ मागं घेतला. पुन्हा ऐकला. मास्तरांचं म्हणणं बदललं नाही.

टाइम ऑफिसात असताना उशिरा येणाऱ्या कामगाराला ते म्हणत, "सूचना फलक आधी पूर्ण वाचायचा, मग बोलायचं." ते वाक्य आता घरातल्या रिकाम्या खुर्चीवरून कोणीतरी त्यांनाच ऐकवत होतं.

शेजारचे गेणभाऊ संध्याकाळी चहाला आले. सगळ्या विषयांतलं थोडं आणि कांद्यातलं सगळं कळणारा माणूस. त्यांच्यापासून तसबीर लपवून हौशीरामांनी विषय लांबून काढला.

"गेणभाऊ, समजा एखाद्याच्या छापील कागदावर बॉलपेन लागलं. तर?"

"सातबारा हाय का?" गेणभाऊ एकदम पुढं सरकले.

"सातबारा नाही हो."

"मंग खरेदीखत? हे बगा हौशीराव, खाडाखोड असंल तर आधीच सांगा. तलाठ्याकडं आपला वशिला हाय."

"साधा कागद आहे. चित्राचा."

"हात्तिच्या! टूथपेस लावा की राव. आमच्या ऋषीनं शाळंचा शर्ट रंगीवला व्हता, घासला, साफ निगाला."

दत्त म्हणजे शर्ट नव्हे, हे हौशीरामांना कळत होतं. पण बुडणारा माणूस काडीचा आधार बघतो, इथं तर ट्यूब होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधल्या मुखाच्या डाव्या गालावर टूथपेस्ट लावून कापसानं हलकं घासलं. रेघ होती तशीच राहिली. गालावरचा उजेड मात्र गेला. तिथं एक पांढरट, खरबरीत चट्टा उरला, आणि त्या चट्ट्यातून निळी रेघ आधीपेक्षा ठळक दिसायला लागली.

म्हणजे आता चित्र काढणं ही हौस राहिली नाही, गरज झाली. झुंबरबाई यायच्या आत असा हुबेहूब दत्त रंगवायचा, की तोच चौकटीत घालून भिंतीवर लावता यावा. तिच्या चष्म्याचा नंबर वाढलाच होता. आप्पांचा दत्त त्यांनी धुतलेल्या धोतरात गुंडाळून गव्हाच्या कोठीमागं ठेवला. ठेवताना हात जोडले, पण वर बघायची हिंमत झाली नाही.

चौकोन आता आपोआप तयारच होते, त्यामुळे रेखाटन बरं जमलं. ते तसबीर कोठीमागं जाण्याआधीच कॅनव्हासवर उतरवून घेतलं होतं आणि पुढं सगळं आठवणीवर रेटलं, कारण त्या चौकोनांकडं बघवेना. अडचण रंगांपासून सुरू झाली. तैलचित्रात सगळा खेळ छटांचा असतो असं मास्तर म्हणत. हौशीरामांच्या हातून छटा एकमेकींत मिसळायच्या नाहीत, जिथल्या तिथं बसायच्या. मधलं मुख एसटीचा पास घरी विसरलेल्या माणसासारखं झालं. उजवं झोपेतून उठल्यासारखं. डावं चिडलं, आणि ते चिडणं मात्र फार जिवंत उतरलं. सहा हातांपैकी कमंडलू धरलेल्या हाताचा अंगठा करंगळीच्या बाजूला गेला. गाय त्यातल्या त्यात बरी आली, कारण गाईची सगळ्यांना सवय असते.

आणि कुत्री. चार वेद म्हणजे चार कुत्री, तीही उभी-आडवी, दमदार. हौशीरामांना लहानपणी कुत्रं चावलं होतं, तेव्हापासून त्यांनी एकाही कुत्र्याकडं नीट पाहिलं नव्हतं. पाठी लांबल्या, कान आखडले, आणि अंगावर उजेड-सावली दाखवताना ब्रशचे ठिपके पडत गेले.

गेणभाऊ एक दिवस न सांगता मागच्या दारानं आत आले, तेव्हा चित्र लपवायला वेळ मिळाला नाही. आप्पांचा दत्त कोठीमागं होता ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. गेणभाऊंनी आधी चपला काढल्या, हात जोडले आणि मग डोकं तिरकं केलं.

"दत्त हाय ना?"

"दत्तच."

"मंग कुत्र्यान्ला ठिपकं कशापायी काढलं?"

"ठिपके नाहीत ते. छटा आहेत."

"लई छटा झाल्या राव," गेणभाऊ म्हणाले.

हौशीरामांचा स्वाभिमान दुखावला. त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा उचलला आणि मधलं मुख पुसून नव्यानं काढायला निघाले. गेणभाऊंनी त्यांचं मनगटच धरलं.

"आवो! देवाचं त्वांड पुसताय?"

"बिघडलंय म्हणून पुसतोय."

"बिगडलं तर बिगडलं. डोळं काढलं ना तुमी? डोळं काढल्यावर देव झाला त्यो. आता त्याच्यावर बोळा फिरवायचा म्हंजी... न्हाई न्हाई, माज्या देखत न्हाई. वर काय घालायचं ते घाला. काडायचं न्हाई."

मूर्ती भंगली की नदीत सोडता येते, तसबीर फुटली की पारावर ठेवता येते. पण देव नुसताच चांगला आला नाही तर त्याचं काय करायचं, याला कोणत्याही शास्त्रात सोय नाही. हौशीरामांनी बोळा खाली ठेवला. त्या दिवसापासून ते फक्त वर घालत गेले. तोंडांवर रंगाचे थर चढले, थरावर थर चढले, आणि खालचा थर ओला तोवर वरचा ओला, असं होत होत सगळा दत्त चिखलणी केलेल्या भातखाचरासारखा ओलाच राहिला.

इकडं दर गुरुवारी झुंबरबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. "दत्ताला दावा जरा," एवढीच मागणी. आमच्या खोडद गावात कशाचंही खापर गावाबाहेरच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या डिशांवर फोडायची सोय आहे. पाऊस लांबला तरी डिशा, टोमॅटोवर रोग पडला तरी डिशा. हौशीराम म्हणायचे, "अगं, डिशांमुळं रेंज नाही, चित्र दिसायचं नाही," आणि फोन हलवत हलवत बंद करायचे. डिशा बिचाऱ्या आभाळाकडं तोंड करून आपलं काम करत होत्या. त्यांच्यावर आपण खोटं ढकलतोय याचीही हौशीरामांना लाज वाटायची, पण ती लाज लांबची होती.

मग रुपालीला मुलगी झाली. पुढच्या गुरुवारी फोन आला तो सांगूनच, "आज रेंज नसंल तर गच्चीवर जा, न्हाईतर डिशावर चढा. बाळाला दत्ताचं पयलं दर्शन करायचंय. आप्पा असते तर त्येंनी केलं असतं."

हौशीरामांनी ओला दत्त चौकटीत बसवला आणि भिंतीवर टांगला. तिन्ही तोंडं झाकतील असा झेंडूचा गच्च हार घातला. फोन लांब धरला. पडद्यावर झुंबरबाई दिसल्या, डोक्यावर पदर, हातात कापडात गुंडाळलेलं एवढंसं तोंड. त्यांनी ते तोंड पडद्याजवळ आणलं. बाळाचे दोन हात आपल्या हातात धरून जोडले.

"देवा दत्तगुरू, माजी नात हाय. हिला सांबाळ. आमच्या समद्यांची लाज राख."

या भिंतीवर जे टांगलंय ते काय आहे हे त्यांना एकट्यांनाच माहीत होतं. आयुष्यात त्यांनी खोटी सही केली नव्हती, खोटी हजेरी लावली नव्हती, आणि आता आठ दिवसांच्या नातीला खोट्या देवापुढं हात जोडायला लावले होते. "रेंज गेली," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच गेला होता.

हार काढायला गेले तर झेंडू चिकटलेला. अर्ध्या पाकळ्या दत्तगुरूंच्या दाढीत राहिल्या. चित्र सुकवल्याशिवाय काही खरं नव्हतं. गेणभाऊ म्हणाले, "आमच्या कांद्याच्या बराखीत ठिवा. चारी अंगानं वारा. कांदा सहा म्हैने टिकतो, देव काय सुकंना व्हय?" बराखी म्हणजे लाकडी पट्ट्यांचं लांबट कोठार, पट्ट्यापट्ट्यांत फट, आत कांदा. चित्र चौकटीतून काढून आत उभं केलं. वारा होताच. पण वाऱ्याबरोबर कांद्याची सालंही उडतात, हे गेणभाऊंना ठाऊक असूनही त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

दोनेक दिवसांनी दिवेलागणीला प्रतिभाची किंकाळी आली. प्रतिभा म्हणजे अंगणवाडी चालवणारी गेणभाऊंची सून. शेळी सुटली म्हणून ती बराखीकडं गेली होती. पट्टीच्या फटीतून तिला ठिपक्यांचं लांब अंग दिसलं आणि त्यावर दोन डोळे, ओले, चमकणारे.

"वाघ! वाघ बसलाय कांद्यात!"

आमच्याकडं वाघ म्हणजे बिबट्या, आणि त्याची चेष्टा कोणी करत नाही. माणसं गेलेली आहेत, लेकरं गेलेली आहेत. बघता बघता काठ्या आल्या, पत्र्याचे डबे आले, फटाके आले, पोरं घरात कोंडली गेली. कोणीतरी वनखात्याला फोन लावला. हौशीराम बातमी ऐकून हातात काठी घेऊन धावत निघाले. धावताना तिघांना मागं राहायच्या सूचना दिल्या, एकाला बिबट्याच्या डोळ्यात बघायचं नसतं हे समजावून सांगितलं, आणि पार पुढच्या रांगेत पोचले. मग त्यांनी बराखीकडं पाहिलं. कोणती बराखी ते त्यांच्या लक्षात आलं.

इथं खरं तर बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण शंभर माणसं जमलेली, सगळ्यांच्या पुढं आपण काठी घेऊन उभे. आणि म्हणायचं काय, की तो वाघ मी काढलाय? शेजारी प्रतिभा उभी होती. ती सारखी म्हणत होती, "श्रेया आत्ताच हितं खेळत व्हती हो काका, आत्ताच हितं व्हती." श्रेया तिची पाच वर्षांची लेक. हौशीरामांना वाटलं, कांद्याच्या ढिगाखाली जाऊन बसावं.

वनखात्याची गाडी आली. वनरक्षक तरणा, पण सरावलेला दिसत होता. त्यानं लांबून बॅटरी मारली. डोळे चमकले. डबे वाजले, फटाके वाजले. जनावर हललं नाही.

"लई धीट हाय," एक जण म्हणाला.

"धीट न्हाई, आजारी असंल," वनरक्षक म्हणाला. "असं बसून ऱ्हात न्हाई ते. अंगाला सालपटं चिकटल्यात बगा. डॉक्टरांना बोलावतो. बेशुद्धीचं इंजेक्शन मारायला लागंल बंदुकीनं."

दत्तगुरूंना बंदुकीनं इंजेक्शन! हौशीरामांच्या डोळ्यांसमोर बाळाचे जोडलेले हात आले. काठी टाकून ते ओरडले, "नका! नका मारू! दत्त आहे तो!"

मागून एका म्हातारीनं हात जोडले. कोणीतरी हळूच म्हणालं, "हौशीरामान्ला दर्शन झालं."

"दर्शन नाही हो! दत्त आहे, खरा... म्हणजे खरा नाही..." असं काहीतरी बोलत हौशीराम सरळ बराखीकडं चालायला लागले. वनरक्षक "काका, माघारी या!" म्हणून ओरडला. बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले. गेणभाऊ तेवढे डोकं तिरकं करून उभे होते. त्यांना आत्ता कुठं काहीतरी आठवायला लागलं होतं. हौशीराम आत गेले आणि चित्र छातीशी धरून बाहेर आले.

बॅटरीच्या उजेडात सगळ्या गावानं ते बघितलं. तीन तोंडं, सहा हात, उलटा अंगठा. दाढीत झेंडू. अंगभर लालसर कांद्याची सालं चिकटलेली, वाऱ्यानं थरथरणारी. आणि पायाशी चार बिबटे.

कोणी हसलं असतं तर सोपं गेलं असतं. पण देव होता. लोकांनी आधी चपला काढल्या, नमस्कार केला, आणि मग काय करावं ते न कळून उभे राहिले.

"हे ठिपकं?" वनरक्षकानं विचारलं.

"छटा आहेत," हौशीराम म्हणाले. तो त्यांचा शेवटचा किल्ला होता.

वनरक्षकाला वर अहवाल द्यायचा होता. गाडी आली, डिझेल जळलं, म्हणजे काहीतरी लिहिणं आलं. बोनेटवर कागद ठेवून त्यानं मोठ्यानं वाचत लिहिलं, "सदर ठिकाणी बिबट्या आढळून आला नाही. तैलचित्र आढळून आले. चित्रकारास समज देण्यात आली." सगळी नोकरी दुसऱ्यांना समज देण्यात गेलेल्या माणसाला चित्रकार म्हणून सरकारी कागदावर पहिल्यांदा जागा मिळाली ती अशी. सही करताना हौशीरामांनी बॉलपेन हातात घेतलं आणि क्षणभर ते तसंच धरून राहिले.

जाताना ते प्रतिभाजवळ थांबले. "चुकलं माझं, पोरी," म्हणाले. ती घरातून सुटून आलेल्या श्रेयाला घट्ट धरून आत गेली. ते पाठ फिरवणं त्यांना अहवालापेक्षा जास्त लागलं.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेलाच. चाकणला पोचायला त्याला डिशांचा अडथळा झाला नाही. सव्वा महिना पुरा करून झुंबरबाई गुरुवारीच घरी आल्या. पाय धुतले, पाणी प्यायल्या, भिंतीला टेकवलेल्या चित्रापुढं उभ्या राहिल्या आणि दाढीतली एक वाळकी पाकळी काढायचा प्रयत्न केला. ती निघाली नाही.

"मला तवाच कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "फोनवर. लग्नापासनं बगतीया मी आप्पांच्या दत्ताला. त्याची तोंडं झाकून कुनी हार घालतं व्हय?"

हौशीरामांनी विचारलं, "मग बाळाला का नमस्कार करायला लावलास?"

"नमस्कार दत्ताला केला. तुमी मधी आलता, त्याला मी काय करू?" आणि मग, चित्राकडं बघत, जरा हसून, "हौस असती मानसाला. न्हाई असं न्हाई. गाय बरी आलीया."

इतक्या दिवसांत कोणी बरं बोललं नव्हतं. हौशीरामांना खरं तर हायसं वाटायला पाहिजे होतं. पण ही माफी भलत्याच गुन्ह्याची होती. दुसऱ्याचा सदरा अंगात घातल्यासारखी ती त्यांना सगळीकडून टोचत होती.

"बरं, आता आप्पांचा दत्त आना," झुंबरबाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी ताजा हार काढला होता. "कुटं ठिवलाय? आज गुरुवार हाय."

हौशीराम कोठीमागं गेले. तिथंच थांबावं, गव्हात लपावं, असं वाटलं. मग धोतरात गुंडाळलेली तसबीर आणून त्यांनी तिच्यासमोर पाटावर ठेवली. धोतर त्यांनी सोडलं नाही. तिनं सोडलं.

झुंबरबाईंनी चष्मा पुसून तसबीर जवळ ओढली. मग पदराचं टोक ओलं करून एक रेघ पुसून पाहिली. मग दुसरी.

"जाईना व्हय?"

"नाही."

"कशाची हाय?"

"बॉलपेनची. मीच मारल्या. चौकोन आखायचे होते. झेरॉक्स काढायची असते, ते मी नंतर ऐकलं."

झुंबरबाईंचं बोट मधल्या मुखाच्या गालावर थांबलं. "हितला उजेड कुटं गेला?"

"टूथपेस्ट," हौशीराम म्हणाले. हा शब्द इतका लाजिरवाणा असू शकतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

झुंबरबाई खाली बसल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. "आप्पा गानगापूरहून एसटीत उभ्यानं आलं व्हतं," त्या म्हणाल्या. "शीट मिळालं व्हतं त्येंना. शिटावर तसबीर ठिवली आन आपुन उभं राह्यलं. रातभर." एवढं बोलून त्या डोळे पुसायला लागल्या. हौशीराम समोर उभे होते. त्यांना बसायचंही धाडस झालं नाही. चुकलं, लई चुकलं, असं ते म्हणाले, पण त्यांना स्वतःलाच ते तोकडं वाटलं.

काही वेळानं हौशीरामांनी सुचवलं, की तसबीर ट्रंकेत जपून ठेवू, लोकांना दिसायला नको.

"का?" झुंबरबाई उठल्या. "देवानं काय केलंय? ज्यानं केलंय त्यानं लपावं." त्यांनी आप्पांचा दत्त चौकटीत घालून पहिल्या जागी खिळ्याला लावला, हार घातला, तिन्ही तोंडं मोकळी ठेवून. शेजारी दुसरा खिळा ठोकायला लावला आणि तिथं कांद्याच्या सालांचा दत्त टांगला, कारण तोही आता देव होता आणि त्याला घालवायची सोय नव्हती. "येनारा-जानारा इचारंल," त्या म्हणाल्या. "मी सांगनार न्हाई. तुमी सांगायचं. दर टायमाला."

त्या दिवसापासून झुंबरबाईंनी कोणापाशी एक शब्द काढला नाही. पाहुणा आला, त्याची नजर भिंतीवर गेली, की त्या फक्त हौशीरामांकडं बघतात आणि चहा ठेवायला आत जातात. गेणभाऊंना सांगून झालं, भजनी मंडळाला झालं, मतदार यादीवाल्या मास्तरणीला झालं. ती घाईत होती, तरी तिला उभं राहून सगळं ऐकावं लागलं.

परवा रुपालीची सासरची माणसं बाळाला घेऊन आली. व्याही खुर्चीत टेकले, वर बघितलं आणि म्हणाले, "पावणं, तुमच्या दत्ताला ही जाळी कशापायी बसवली?"

हौशीरामांनी घसा खाकरला, मांडीवरच्या नातीकडं पाहिलं, आणि कारखान्यातला जुना भारदस्त आवाज लावून सुरुवात केली, "त्याचं असं झालं पाव्हणं, की माझा हेतू शुद्ध होता, हे आधीच..."

आतून कपबशांचा आवाज थांबला.

"हेतूचं मागनं सांगा," झुंबरबाई म्हणाल्या. "आदी रेघांचं सांगा."